पाच रकान्यांचं पान

निघायच्या आदल्या रात्री बायकोने वहीचं पान आडवं धरून त्यावर पाच रकाने आखले. आई, ती, मुलगा, मुलगी आणि मी. मी माझ्या परीने तयारी करून बसलो होतो. शाळा, दवाखाना, भाडं, पाणी, इंटरनेट, हवा, सगळ्याला दहापैकी गुण द्यायचा तक्ता केला होता. तिने तो वाचला, घडी घातली, माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाली, "प्रत्येक गावात एकच बघायचं. गाडीशिवाय आणि तुझ्याशिवाय कोण कुठे जाऊ शकतं."

यामागे एक हिशेब होता. मागच्या महिन्यात मी आठवडाभर गाडीच्या फेऱ्या मोजल्या होत्या. ३१ भरल्या, आणि त्यातल्या २२ दुसऱ्या कुणाला तरी सोडायला किंवा आणायला. आईला डॉक्टरकडे, मुलीला मैत्रिणीकडे, मुलाला मैदानावर. शहर सोडायचं मनात पक्कं झालं ते त्या दिवशी. मोकळी हवा वगैरे कारणं आम्ही नंतर नातेवाइकांना सांगण्यासाठी शोधली.

गावांची नावं मी इथे देत नाही. दीड दिवसात बनलेलं आमचं मत तिथे जन्म काढणाऱ्यांच्या गावाला कशाला चिकटवायचं? लोकसंख्या पन्नास हजारांच्या आत हवी एवढीच अट होती. इटलीत १९९९ साली सुरू झालेल्या 'चित्तास्लो' या संथ गावांच्या चळवळीनेही सदस्य गावांना हीच मर्यादा घातली आहे, पण आम्ही काही ते वाचून ठरवलं नव्हतं. मुलगा तेरा वर्षांचा आहे. "दोन्ही बाजूंना अकरा-अकरा पोरं जमतील एवढं मोठं हवं," ही त्याची अट खालून, आणि आईची "रस्ता ओलांडताना देव आठवायला नको" ही वरून.

पहिला दिवस, बुधवार

मुद्दाम बुधवार निवडला. रविवारी कुठलंही गाव आंघोळ करून, भांग पाडून बसलेलं असतं.

नदीचं गाव दुपारी बाराला गाठलं आणि पहिल्या दहा मिनिटांत आम्ही सगळे विकलो गेलो. नदीकाठी दगडी कठडा, त्यावर झाडांची सावली, सावलीत बाकं, आणि बाकांना पाठ. ही पाठ महत्त्वाची. आई पंचाहत्तरीची आहे. बिनपाठीच्या बाकावर ती पाच मिनिटं बसते आणि पाठ असलेल्या बाकावर तास काढते. ती बसली. मुलगी कठड्याला लोंबकळून मासे मोजायला लागली. बायकोने पान काढून आईच्या रकान्यात 'नदी' लिहिलंसुद्धा.

एजंटाने दाखवलेलं घर काठापासून दोन गल्ल्या आत होतं. तळमजला, मागे अंगण, एका खोलीत खिडकीखाली माझ्या टेबलाला अगदी मापाची जागा. मी मनातल्या मनात लॅपटॉप मांडला आणि वायर लावायला खाली बघितलं, तर प्लग नाही. भिंतीवर शोधला. होता, पण माझ्या खांद्याच्या उंचीवर. दुसऱ्या खोलीत तसाच, स्वयंपाकघरातही तसाच. खालच्या अर्ध्या भिंतीवर एकही बटण नाही, आणि त्या अर्ध्या भागाचा रंग वरच्यापेक्षा ताजा.

"हल्ली अशी फॅशन आहे," एजंट म्हणाला.

फॅशनचा उलगडा संध्याकाळी वाचनालयात झाला. दारालगतच्या भिंतीवर तीन आडव्या रेघा होत्या, प्रत्येकीपुढे साल. सगळ्यात वरची माझ्या छातीला लागत होती. तिथल्या गृहस्थांनी कौतुकाने सांगितलं की त्या वर्षी खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं त्यांनी रातोरात माडीवर नेली. एजंटाला फोन केला तर तो म्हणाला, अहो, तो शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर, तो येऊन गेला.

हा शब्दप्रयोग कुणी शोधून काढला कोण जाणे, पण घर बघणाऱ्यांचं याने फार नुकसान केलं आहे. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे येऊन गेला की शंभर वर्षं सुट्टी, असं नसतं. तेवढं पाणी चढण्याची शक्यता दर वर्षी एक टक्का, मागच्या वर्षी आला असला तरी यंदाही एक टक्काच. मुलाला शाळेत नुकतंच संभाव्यतेचं प्रकरण झालेलं. त्याने मोबाइलवर ०.९९ ला तीस वेळा गुणलं आणि म्हणाला, "बाबा, तीस वर्षं राहिलो तर एकदा तरी बुडायचे चान्सेस २६ टक्के." म्हणजे चौघांत एक. हे झालं शंभर वर्षांच्या पुराचं. इथे तर एकाच भिंतीवर, वाचनालयातल्या त्या गृहस्थांच्या एका नोकरीत, तीन रेघा.

दुसरा दिवस, गुरुवार

तरी गाव सोडवेना. वरच्या आळीत, चढावर घरं होती, तिथवर पाणी कधी आलेलं नाही असं तिघांनी वेगवेगळं सांगितलं. म्हणून शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर जाऊन उभे राहिलो.

शाळेचे निकाल कागदावर कळतात, शाळा सुटताना गाव कळतं. फाटकासमोर गाड्यांची रांग आहे की मुलांचे घोळके आहेत, एवढंच बघायचं. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जायची. १९९० मध्ये तसंच पुन्हा मोजलं तेव्हा हा आकडा ९ टक्क्यांवर आला होता. एकोणीस वर्षांत पोरं काही बावळट झाली नव्हती, रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या आणि आईबाप घाबरले होते. इथे घोळके होते. एका मुलीच्या पाठीवर दोन दप्तरं आणि दुसरी तिच्यापुढे उलटी चालत गोष्ट सांगत होती. आमच्या आठ वर्षांच्या कन्येने त्या दोघींकडे इतकं रोखून पाहिलं की त्या थांबल्याच.

मुख्याध्यापिका मोकळ्या बोलल्या. मुलीच्या वर्गात जागा होती, मुलाच्या नव्हती. मी निकालांचं विचारलं, बायकोने विचारलं, मधेच आलेलं मूल रुळायला किती दिवस लागतात? "मुलगी महिनाभरात," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे बघून, "यांचं वय वाईट आहे. वर्ष धरा." त्यांनी आपलं खोटं समाधान केलं नाही, हे मुलाला आवडलं असावं. परतताना तो बऱ्याच वेळाने स्वतःहून बोलला.

दवाखान्याची तपासणी मात्र बायकोच्या ताब्यात. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि पक्षाघाताचे रुग्ण तिच्याकडे रोज येतात, म्हणजे उशिरा पोचलेलेच जास्त. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावं लागतं. त्यामुळे 'खाटा किती' वगैरे न विचारता ती थेट विचारते, "रात्री दोनला सीटी होतो का?" माझ्या वडिलांच्या वेळी हा प्रश्न विचारायचा असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

उत्तर मिळालं की मशीन आहे, पण तंत्रज्ञ रात्री आठला घरी जातो, फोन केला की येतो. घर कुठे? पलीकडच्या तीरावर. मध्ये एकच पूल. वरच्या आळीतून रुग्णालय घड्याळ लावून पंचवीस मिनिटं, पूल बंद असेल तर वळसा घालून तासाच्या वर. मुलगी मागच्या सीटवर त्या दोन मुलींची नावं घोकत होती. बायकोने पान काढलं आणि नदीसमोर छोटंसं प्रश्नचिन्ह घातलं. खोडलं नाही.

तिसरा दिवस, शुक्रवार

डोंगराचं गाव. दुरून साजरा दिसणारा हा डोंगर जवळूनही तितकाच साजरा होता, अडचण निराळीच निघाली. गल्ली सुंदर, फरसबंदी, प्रत्येक खिडकीत फुलांच्या कुंड्या, आणि पाचांतल्या तीन घरांना कुलूप. ही सुट्टीतली घरं. मालक वर्षातून तीन आठवडे येतात, कुंड्यांना पाणी घालायला माणूस ठेवलेला असतो. घरं अशी विकली गेल्यामुळे भाडी चढली आणि शिक्षकांनाच गावात राहणं परवडेना. सकाळी साडेसातची बस खालून शिक्षक घेऊन वर येते आणि वरून मोठ्या वर्गांतली मुलं घेऊन खाली जाते.

आई लॉजच्या दारात उभी राहिली. खाली ४६ पायऱ्या, वर तेवढ्याच. "मी इथूनच बघते," म्हणाली आणि आत गेली. तिच्या रकान्यात मुलाने लिहिलं, 'खोलीचं दार'.

खरी परीक्षा रात्री झाली. मुलीला थोडी सर्दी होती. वळणांच्या चढावर कानात दडे बसले ते सुटलेच नाहीत, आणि अकराच्या सुमाराला कान धरून रडायला लागली. आधी हुंदके, मग किंकाळ्या. गावातल्या एकुलत्या एक औषधाच्या दुकानाला कुलूप, पाटीवरच्या नंबरावर बारा वेळा फोन केला, रिंग आतच वाजताना ऐकू येत होती. लॉजवाल्याने हात जोडले. शेवटी धुक्यातून, दिव्याच्या उजेडात पुढची पांढरी रेघ शोधत, चाळीस मिनिटं खाली उतरलो. आई पुढे बसली होती आणि प्रत्येक वळणाला ब्रेक नसलेल्या जागी ब्रेक दाबत होती.

खाली रेल्वेच्या रुळांशेजारी एक गाव लागलं. आमच्या यादीत ते नव्हतंच. जाताना आम्ही काचा वर करून त्यातून गेलो होतो.

चौथा दिवस, शनिवार

तो सुरू झाला रात्री सव्वा बाराला, एका छोट्या दवाखान्यात. बाहेर हिरवा दिवा, आत एक नर्स, दहा मिनिटांत डॉक्टर. त्यांनी कानात बघितलं, पडदा लाल आहे पण शाबूत आहे म्हणाले, दुखणं थांबवायचं औषध वजनानुसार मोजून दिलं, अँटिबायोटिक लगेच नको, दोन दिवसांत उतार पडला नाही तर या. आणि उद्या पुन्हा डोंगर चढू नका. अर्ध्या तासात पोर बाकावर झोपली.

अशा रीतीने आम्ही त्या गावात एक दिवस अडकलो. सकाळी मालगाडीने उठवलं. एकोणसाठ डबे, मुलाने मोजले. खिडकीतून पत्र्याची गोदामं, एक बंद पडलेली चिमणी आणि पाण्याची टाकी. कुणी फोटो काढावा असं काही नाही. यादीतलं खरं तिसरं गाव इथून दीड तासावर होतं, सगळे त्याची स्तुती करत होते, आणि आम्ही आजतागायत ते पाहिलेलं नाही.

आई सकाळीच बाहेर पडली, न सांगता. तासाभराने मी शोधायला निघालो. लॉजची गल्ली अरुंद, ट्रक बाहेरच्या वळणरस्त्याने जाणारे, त्यामुळे पायऱ्यांवर बायका बसलेल्या, रस्त्यावर खडूने आखलेला पट, आणि सायकलवाला त्या पटाला वळसा घालून जाणारा. स्टेशनकडच्या रस्त्यावर आलो तर घरं तीच, उंची तीच, पण दारं बंद आणि पायऱ्या रिकाम्या. तिथे गाड्यांची रहदारी होती.

डोनाल्ड ॲपलयार्ड या नगररचनाकाराने साठच्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत अशाच तीन रस्त्यांचा अभ्यास केला होता. दिवसाला २,००० गाड्या जाणारा एक, ८,००० चा दुसरा, १६,००० चा तिसरा. पहिल्या रस्त्यावरच्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते, तिसऱ्यावरच्याला एकही पुरता नव्हता, ०.९. 'माझं घर' म्हणून नकाशावर रेघ ओढायला सांगितली तर पहिले लोक अख्खी गल्ली घ्यायचे, तिसरे आपल्या दारातच थांबायचे. हे ॲपलयार्ड १९८२ मध्ये अथेन्सला भरधाव गाडीखाली सापडून गेले. मला हे सगळं वाचून माहीत होतं, पण दोन्ही प्रकारचे रस्ते दोन मिनिटांच्या अंतरावर कधी चाललो नव्हतो.

आई सापडली वाचनालयाच्या बाहेर, पाठ असलेल्या बाकावर, दोन बायकांच्या मधे. माझ्याकडे बघून तिचं पहिलं वाक्य, "इथलं सार्वजनिक स्वच्छतागृह स्वच्छ आहे." दुसरं, "पाणी सकाळी दोन तास येतं, जड आहे, पण नियमित येतं." मी दीड वर्ष इंटरनेटवर जे शोधत होतो ते तिने दीड तासात गोळा केलं होतं. कुठली घरमालकीण भाडेकरूंशी भांडते हेही.

पाणी जड आहे हे खरं. लॉजच्या बादलीला आतून पांढरं कडं होतं. नखाने खरवडलं तर खपली निघाली. गीझर इथे किती दिवस टिकणार, याचा विचार करतच मी मीटिंगला बसलो, तर तासात दोनदा लाइन तुटली. तारेचं इंटरनेट पुरवणारी एकच कंपनी, तिला स्पर्धा नाही. शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटावर बोट फिरवलं तर रेघ उमटली. हे सगळं मी वहीत लिहीत होतो आणि त्याच वेळी बायको रात्रीच्या दवाखान्यात डॉक्टरांचे आभार मानायला म्हणून गेली ती दुपार होऊन गेली तरी आली नव्हती. पक्षाघाताचे, गुडघा बदललेले त्यांचे रुग्ण व्यायामासाठी दुसऱ्या गावाला पाठवावे लागतात, निम्मे जातच नाहीत. आठवड्यातून तीन दिवस याल का, असं त्यांनी विचारलं. सीटी मशीन नाहीच, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. पुढचं शहर हमरस्त्याने पस्तीस मिनिटं, तिथे चोवीस तास तंत्रज्ञ हजर, तिने तिथे फोन करून खात्री केली होती. मध्ये नदी नाही.

मुलगा संध्याकाळी ढोपर फोडून घेऊन आला. अकरा नव्हते, आठ-आठ होते. त्याने स्टेशनवरच्या वेळापत्रकाचा फोटोही काढून आणला होता. शहराला जायला पन्नास मिनिटं, शेवटची परतीची गाडी रात्री ९.४०. "मी सोळाचा झालो की एकटा पिक्चरला जाऊन परत येऊ शकतो," तो म्हणाला. सहल काढल्यापासून आम्ही आठ वर्षांच्या मुलीसाठीच गाव शोधत होतो. झोपाळे, घसरगुंड्या. झोपाळ्याची तिची आणखी तीन वर्षं उरली आहेत, त्यानंतरची सात वर्षं ती या वेळापत्रकाकडेच बघणार आहे, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री दोनला मालगाडी गेली. मी जागा होतो. बाकी कुणी कूस बदलली नाही.

पाचवा दिवस, रविवार

दोन घरं पाहिली. पहिलं त्या भांडणाऱ्या बाईंचं निघालं. दुसरं लॉजच्याच गल्लीत, वरचा मजला, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, पायऱ्या चौदा. प्लग गुडघ्याच्या उंचीवर होते. बायकोने प्रत्येक नळ सोडून बघितला, मी खिडकीजवळ, मोरीजवळ, जिन्यात मोबाइलची रेंज बघितली. घरमालक विकायलाही तयार होते. आम्ही एक वर्ष भाड्याने मागितलं. गावाचे सगळे ऋतू बघितल्याशिवाय, एकदा तरी तिथे आजारी पडल्याशिवाय घर विकत घेऊ नये असं माझं मत आहे, आणि आजारी पडून आमचं झालं होतं.

परतताना मुलीने विचारलं, "मग त्या नदीवरच्या दोघी?" तिला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. रेल्वेच्या गावात पट आखणाऱ्या पोरींनी तिला खेळायला घेतलं नव्हतं, कान दुखतोय म्हणून. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी पोचल्यावर बायकोने पान टेबलावर पसरलं. रुळांच्या गावापुढे आईच्या रकान्यात वाचनालय, बाक, औषधाचं दुकान, दवाखाना. मुलाच्या रकान्यात मैदान आणि ९.४० ची गाडी. मुलीच्या रकान्यात शाळा, आणि 'पट' समोर प्रश्नचिन्ह. तिच्या स्वतःच्या रकान्यात आठवड्यातले तीन दिवस. माझा रकाना कोरा होता. तिन्ही गावांपुढे कोरा.

"तू कुठे जाशील?" तिने विचारलं.

मी म्हटलं, मला काय, मला कुठेही चालतं, माझ्याकडे गाडी आहे.

"सोडायला-आणायला कुणी नाही म्हटल्यावर गाडी काढून जाशील कुठे?"

इथले माझे मित्र म्हणजे मुलाच्या मैदानाबाहेर गाड्या लावून उभे राहणारे चार बाप. त्यातल्या एकाचंही आडनाव मला नीट माहीत नाही. मी पेन घेतलं, बराच वेळ धरून बसलो, आणि मग 'स्टेशन' लिहिलं. तिने वाचलं. "स्टेशनवर जाऊन काय करणार?"

"डबे मोजीन."

आतून मुलगा ओरडला, "एकोणसाठ!"